उपटणं ही सेवा असू शकते का?



कच्छला जाऊन आलेल्यांनी ग्रुपवर फोटो टाकले, त्यात बन्नीमध्ये जेसीबीने झाडं मुळासकट काढतानाचा एक व्हिडिओ होता. खाली एका ताईंनी लिहिलं, "आपण दरवर्षी झाडं लावतो आणि तिकडे उपटतात. हे पाप नाही का?" भराभर जोडलेले हात आले, पण उत्तर कुणी दिलं नाही. प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

भुजहून धोरडोच्या रणाकडे जाताना भिरंडियारा लागतं. तिथला मावा खाल्ल्याशिवाय आपली गाडी पुढे जात नाही! तो मावा बन्नीच्या म्हशींच्या दुधाचा. या म्हशी रात्री आपापल्या चरायला जातात आणि सकाळी दूध काढायच्या वेळेला घरी परततात. २०१० साली त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. बन्नी म्हणजे सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचं गवताळ रान. धामण, झिंझवो (आपलं मारवेल) अशी गवतं, आणि त्यांवर पिढ्यान् पिढ्या जगणारे मालधारी.

खारं रण पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या सुमारास वन खात्याने इथे जवळजवळ ३१ हजार हेक्टरवर विलायती बाभूळ लावली. मूळची अमेरिका खंडातली. कच्छी लोक तिला 'गांडो बावळ' म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळ. जनावरं तिच्या गोड शेंगा खातात, बी शेणातून लांब लांब पडतं आणि उलट जास्त चांगलं रुजतं. आज निम्म्याहून जास्त बन्नी तिने व्यापली आहे. तिच्या गचपणात गवत टिकत नाही. कांकरेज गाईंना त्या शेंगा सोसत नाहीत, म्हणून कित्येक मालधाऱ्यांनी गाई सोडून म्हशीच वाढवल्या.

लावणाऱ्यांचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. पण आपण हेतू शुद्ध म्हटलं की हिशोब मिटला असं धरतो. हेतूने लावणाऱ्याचं मन कळतं. जमिनीचं काय झालं ते जमिनीकडेच पाहून ठरवावं लागतं, आणि झालेलं निस्तरायचं कर्तव्य हेतू चांगला असला तरी सुटत नाही.

दुसरी एक गोष्ट मला जास्त टोचते. "बाहेरचं आहे, काढून टाका," असं लोक सहज म्हणतात. अहो, आपण सुरतेतले मराठी कोण? आपले बापजादे खानदेशातून मिलमध्ये कामाला आले. आपल्या फोडणीतली मिरची, टोमॅटो, उपासाचा बटाटा, सगळं बाहेरून आलेलं. बाहेरून येणं हा दोष असेल तर आपला स्वयंपाकच बंद पडेल. बाभळीचा दोष तो नाही. ती आली आणि शेजारी कुणाला उगवू देईना, हा आहे. म्हणून तिच्यावर राग धरून काम करू नये, पण काम टाळूही नये. अहिंसा म्हणजे हिरवं दिसेल ते राखणं, एवढा सोपा अर्थ मला पटत नाही. एक बाभूळ वाचवताना खालचं गवत, त्यावरचे पक्षी, त्यावर जगणारी गाय, ही हिंसा आपल्याला दिसत नाही इतकंच.

आणखी एक अडचण आहे. त्याच बाभळीचा कोळसा पाडून आज अनेक गरीब घरं चालतात. झाडं एका फटक्यात गेली तर दुरुस्तीची किंमत त्यांनी मोजायची का? मला वाटतं, ज्या समाजाने लावलं त्याने ती मोजावी. टप्प्याटप्प्याने काढावं, आणि कुठून सुरुवात करायची ते मालधाऱ्यांना विचारावं. शिवाय हे एका दिवसाचं काम नाही. नुसती तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, आणि मातीत बी वर्षानुवर्षं पडून असतं. दर पावसाळ्यानंतर परत जाऊन रोपटी उपटायची. रोप लावतानाचा फोटो छान येतो, या कामाचा काय फोटो येणार!

आता आपल्याकडचं. यंदा आपल्या सेवा समितीने वृक्षारोपणासाठी जी मोकळी जमीन पाहिली आहे, ती गौचर आहे. "पडीकच आहे" असं बैठकीत दोन-तीनदा बोललं गेलं. पण तिथे एक भरवाडदादा रोज जनावरं घेऊन येतात. जिथे गवत आहे आणि जनावरं चरतात ती जमीन पडीक कशी? रोपं शाळेच्या आवारात, सोसायट्यांत, रस्त्याकडेलाही लागतील. ठरवण्याआधी त्या दादांशी बोलायला आम्ही तिघी येत्या रविवारी सकाळी सात वाजता जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे रिक्षा तशी सांगता येईल.