त्यागाचा क्रम

मोबाइलमधून एखादे अ‍ॅप काढून टाकले म्हणजे ते खरेच सुटले का? प्रश्न तंत्राचा वाटतो, पण मुळात तो त्यागाचा आहे. परीक्षा तोंडावर आली म्हणून गोंदियातला एखादा विद्यार्थी फोनमधून इन्स्टाग्राम काढतो. खाते मात्र जिथल्या तिथे असते. घरातल्या टॅबवर ते उघडेच असते आणि अर्ज भरायला गेलेल्या सेवा केंद्राच्या संगणकावर लॉगिन तसेच राहून गेलेले असते. एखाद्या अ‍ॅपची वर्गणी दरमहा कापली जात असेल, तर अ‍ॅप काढल्याने तीही थांबत नाही. इथल्या धानशेतीत पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरत जाते. खालची बांधी कितीही निंदली, तरी वर तण पिकलेले असेल तर त्याचे बी पाण्याबरोबर येणारच. जोडलेल्या उपकरणांचेही तसेच आहे. आपण निंदतो ती खालची बांधी असते. खाते वरच्या बांधीत असते.

वस्तू दूर केली तरी वस्तूशी असलेले नाते तुटत नाही, हे आपल्या परंपरांनी फार पूर्वी ओळखले होते. इंद्रिये आवरून मनात विषयांचे चिंतन करणाऱ्याला गीता तिसऱ्या अध्यायात ढोंगी ठरवते. उपाशी माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी उरते, असे दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची, म्हणजे संग्रहाची, व्याख्याच आसक्तीवरून केली आहे. इन्स्टाग्रामचे खाते मिटवायला सांगितल्यावर कंपनी 30 दिवस थांबते. त्या काळात पुन्हा लॉगिन केले की मिटवणे रद्द होते. उरलेल्या गोडीला दिलेली ही मुदतच आहे. म्हणून माझे म्हणणे असे की त्यागात काय सोडले याच्याइतकेच कोणत्या क्रमाने सोडले हेही महत्त्वाचे असते: आधी नाते सोडावे, मग वस्तू.

या क्रमाचे एक थोर उदाहरण गोंदियाच्या शेजारीच आहे. छत्तीसगडच्या हद्दीतल्या डोंगरगडला, चंद्रगिरी तीर्थावर, दिगंबर जैन आचार्य विद्यासागर यांनी 18 फेब्रुवारी 2024 रोजी सल्लेखनेने, म्हणजे अन्नत्यागाच्या व्रताने, देह ठेवला. त्याआधी त्यांनी आचार्यपद सोडले होते, आणि मग तीन दिवसांचा उपवास व मौन धरले. अन्नाआधी पद सुटले, म्हणजे ज्या नात्याने हजारो माणसे त्यांच्याशी जोडलेली होती ते नाते आधी सुटले. अ‍ॅप काढण्याची बरोबरी अशा व्रताशी कोणी करू नये. पण लहान गोष्टीलाही मोठ्या गोष्टीकडून क्रम शिकता येतो.

यावर पहिला आक्षेप असा की सगळे मनावरच असेल, तर अ‍ॅप काढायचेच कशाला? आसक्ती सोडली की पुरे. हा युक्तिवाद सोयीचा आहे, म्हणूनच त्याच्यापासून सावध राहायला हवे. आसक्तीलाच परिग्रह मानणाऱ्या जैन परंपरेने मुनींना बाह्य वस्तू सोडण्यातून सूट दिली नाही; दिगंबर मुनी वस्त्रही ठेवत नाहीत. गोडी समोरच्या वस्तूवर पोसली जाते, म्हणून वस्तूही जायलाच हवी. फक्त तिच्या जाण्याला सगळे काही समजू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्यांचे काम आणि पोटच अ‍ॅपवर चालते त्यांनी काय करावे? शेतकऱ्याला ई-पीक पाहणीत धानाची नोंद करावी लागते, अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकरमध्ये बाळांची वजने भरावी लागतात. इथे गीतेचा अठरावा अध्याय उपयोगी पडतो. मोहाने नियत कर्म टाकणे हा तामस त्याग, शरीराला त्रास होईल म्हणून टाकणे हा राजस, आणि कर्म करत राहून आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले. त्याला कामचुकारपणा म्हणणे अन्यायाचे होते, कारण त्यांनी साधन नाकारले होते, बाळांची जबाबदारी नव्हे. नेमके काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे हे त्यांना स्पष्ट होते. कर्तव्याचे अ‍ॅप राहू द्यावे; विवेक लागतो तो चटक लावणाऱ्या अ‍ॅपपाशी.

आपण बहुतेकदा उलट्या क्रमाने जातो. चिडून आधी अ‍ॅप काढतो, आणि खाते मिटवण्याची सोय बहुधा त्या अ‍ॅपच्याच आत असते. खाते उघडू देणाऱ्या अ‍ॅपने ते मिटवण्याची सोयही आतच द्यावी, असा नियम अ‍ॅपलने 30 जून 2022 पासून लागू केला. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा आधी वर्गणी बंद करावी, मग बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडावे, मग खाते मिटवावे आणि शेवटी अ‍ॅप काढावे. या क्रमाला वेळ लागतो, आणि आपण कशाकशाला बांधले गेलो होतो हे त्या वेळातच एकेक करून कळते. एका बोटाच्या दाबाने हे ज्ञान मिळत नाही, आणि ज्ञानावाचून केलेला त्याग टिकत नाही.