जुन्या लॅपटॉपचा वेग आणि अपरिग्रह

लॅपटॉप सुरू व्हायला पाच-सात मिनिटे लागतात म्हणून त्यातली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी का, हा प्रश्न आपण दुरुस्तीवाल्याला विचारतो. यंत्रापुरते ते योग्यच आहे. पण ज्या समाजात अपरिग्रहाला व्रताचे स्थान आहे, तिथे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे: आहे ते चालत असताना अधिक वेगवान हवे असे वाटणे ही गरज म्हणायची की हाव? पतंजलींनी अपरिग्रह यमांमध्ये घातला. जैन परंपरेने तो साधूला संपूर्ण सांगितला, गृहस्थाला मात्र परिग्रहाचे परिमाण ठरवायला सांगितले, म्हणजे किती ठेवायचे याची सीमा घेण्याआधीच आखायला लावली. हे गृहस्थाचे व्रतच मला या प्रश्नाला लागू वाटते. वेगाची इच्छा मुळातच दोषी नसते. तो कशासाठी हवा, किती हवा आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे आधी ठरले असेल तर ती व्रताच्या आत राहते.

आधी वस्तुस्थिती पाहू, कारण चुकीच्या निदानावर उभा असलेला विवेक काही कामाचा नाही. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती माहिती सापडायला वाचणारे टोकही योग्य जागी सरकावे लागते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने तेच काम साधारण 0.1 मिलिसेकंदात होते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वाचते, त्यामुळे हा शंभर पटींहून मोठा फरक थेट जाणवतो. मात्र इंटरनेटचा वेग एसएसडीने वाढत नाही, प्रोसेसर बदलत नाही आणि रॅम अपुरी असेल तर तीही पुरेशी होत नाही. पांढुर्ण्याजवळच्या तिगावच्या माणसाला हे रेल्वेच्या घाटावरून लगेच उमजेल. इटारसीकडे निघालेल्या जड मालगाडीला तिगाव–चिचोंडा घाट चढायला जादा बँकर इंजिन लागते. सपाटीवर ती कितीही धावो, पोचण्याची वेळ त्या चढावरच ठरते. जुन्या लॅपटॉपमध्ये तो चढ पुष्कळदा डिस्कचा असतो. तिथे केलेला खर्च सगळ्या यंत्राला उपयोगी पडतो, इतरत्र केलेला वाया जातो.

आता व्रताची बाजू. वेगाचा सर्वांत कठोर टीकाकार म्हणून आपण गांधीजींचे नाव घेतो, आणि 1909च्या 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी रेल्वेवर केलेली टीका तशी आहेच. पण याच गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने 1929मध्ये अधिक सूत कातणाऱ्या सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळात एक लाख! बक्षिसाच्या अटी मला रकमेहून मोलाच्या वाटतात. यंत्र झोपडीत चालावे, बाईमाणसाला फार न दमता तासन् तास चालवता यावे, दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये, वीस वर्षे टिकावे आणि त्याच्या दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ नये. वेगाला इथे नकार नाही, त्याला फक्त मर्यादा घातल्या आहेत. पांढुर्ण्याहून फार दूर नसलेल्या वर्ध्यात, मगनवाडीला, 1934पासून जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचे काम पाहत होते. त्यांचा आग्रहही हाच होता की साधन माणसाच्या ताब्यात राहावे, माणूस साधनाच्या नव्हे. बक्षिसाच्या या अटी लॅपटॉपला लावून पाहा. नवा लॅपटॉप घेणे त्यात क्वचितच बसते, कारण अनेक नव्या यंत्रांत रॅम बोर्डालाच जोडलेली असते आणि ती सहज बदलता येत नाही. जुन्या लॅपटॉपचे झाकण उघडून अडीच इंची डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे मात्र बहुतेक अटींत बसते. खर्च नव्या यंत्राच्या लहानशा अंशाइतका, काम गावातल्या मुलालाही शिकता येण्याजोगे, आणि चालू यंत्राचे आयुष्य काही वर्षांनी वाढते. 2022 या एका वर्षात जगात 62 दशलक्ष टन ई-कचरा झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा करून पुनर्वापरात आला, हे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातले आकडे लक्षात घेतले की चालू यंत्र टिकवणे हा निव्वळ काटकसरीचा विषय उरत नाही.

यावर पहिला आक्षेप ययातीचा. पुरूचे तारुण्य मागून घेऊन हजार वर्षे भोगली तरी त्याची तृप्ती झाली नाही. मग आज एसएसडी, उद्या रॅम, परवा नवे यंत्र, हे थांबणार कुठे? आक्षेप खरा आहे, पण तो अमर्याद भोगाला लागू पडतो. डिस्कचा अडथळा एकदा निघाला की त्याहून वेगवान डिस्क घेऊन पत्र लिहिणे किंवा हिशेब मांडणे फारसे लवकर होत नाही. ही इच्छा स्वभावतःच संपणारी आहे, अट एवढीच की ती कामाशी बांधलेली हवी. दुसरा आक्षेप संयमाचा: वाट पाहण्यातून धीर येतो. माझ्या मते हे चूक आहे. तप स्वतः स्वीकारलेले असते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी अडकलेल्या लॅपटॉपपुढे बसलेल्या विद्यार्थ्याची घालमेल त्याने स्वीकारलेली नाही. तिला साधना म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या त्रासाला पुण्य ठरवणे, आणि आपल्याकडे गरिबाच्या अडचणीबाबत हे फार सहज होते.

तिसरा आक्षेप सर्वांत भारी आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. 1865मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने दाखवले की वाफेची इंजिने कोळशाच्या बाबतीत काटकसरी झाली, तसा कोळशाचा एकूण वापर घटला नाही, वाढला. वेळेचेही तसेच होते. वाचलेली दहा मिनिटे घरच्यांशी बोलण्यात, वाचनात किंवा शेतात जाण्याऐवजी त्याच पडद्यावर आणखी पाहण्यात जातात. यावर इतकेच म्हणता येते की हा दोष डिस्कच्या वेगाचा नाही, तो वेग घेणाऱ्याचा आहे. म्हणून खरेदीआधी वाचणाऱ्या वेळेला काम नेमून द्यायला हवे. ते नेमता येत नसेल, तर आहे तीच डिस्क राहू द्यावी.

तेव्हा निर्णय असा. लॅपटॉप अभ्यासाला, दुकानाच्या हिशेबाला किंवा शिकवण्याला लागत असेल, रॅम पुरेशी असेल आणि साधे काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांवर अडकत असेल, तर एसएसडी घ्या, त्यात अपरिग्रहाचा भंग नाही. यंत्र फक्त चित्रपट पाहण्यापुरते असेल तर घेऊ नका. बदल करण्याआधी सगळ्या फायलींची प्रत काढून ठेवा, आणि निघालेली जुनी डिस्क धड असेल तर फेकू नका. यूएसबीच्या डबीत बसवली की तीच प्रत ठेवायला पुढची काही वर्षे कामी येते.