परदेशीं जातांना काय न्यावें?

आमच्या कोल्हापूर प्रांतांतील तरुण मंडळी आतां दूरदेशीं जाऊं लागली आहे. जाणारे सर्वच शहरांत राहतात असें नाहीं. कित्येकांस तेथेंहि खेड्यांतच बिऱ्हाड करावें लागतें. निघण्याचा दिवस जवळ आला म्हणजे घरांत एकच प्रश्न असतो : बरोबर काय न्यावें? हा प्रश्न केवळ पेटी भरण्याचा दिसतो. परंतु आमच्या मतें तो नीतीचाहि आहे. मनुष्य काय उचलतो ह्यावरून त्याचा भरंवसा कशावर आहे हें कळून येतें.

ह्याचें उदाहरण जवळच आहे. वळिवडें येथें इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक बायका व मुलें. इ. स. १९४० व १९४१ मध्यें सोव्हिएट शिपायांनीं पूर्व पोलंडांतील लोकांस घरांतून काढून सैबेरिया व कझाकस्तान ह्यांकडे नेलें. पुष्कळांस सामान बांधावयास तासभरहि मिळाला नाहीं. सुटका झाल्यावर त्यांतील कांहीं इराणमार्गें इकडे आले. घाईंत ज्यांनीं लोंकरीचे कपडे व अंथरुणें उचललीं त्यांचा त्या थंडींत निभाव लागला. कित्येकांनीं तेच कपडे देऊन भाकरी मिळविली. म्हणून 'वस्तु व्यर्थ आहेत' असा उपदेश आम्ही करीत नाहीं. उबदार वस्त्र, मजबूत जोडे, औषधें व कागदपत्रें अवश्य न्यावींत.

तथापि वळिवड्यास पोहोंचेपर्यंत त्या गांठोड्यांतलें कितीसें उरलें असेल? तरी येथें त्यांनीं शाळा चालविल्या, नाटकें केलीं, आपली भाषा मुलांस शिकविली. जें हातांत होतें तें वाटेंत सरलें. जें हातास येत होतें तें टिकलें.

दुसरी गोष्ट. कित्येक जण भीतीनें पेटी भरतात. कोणाच्या दारीं जावयास नको म्हणून सर्व कांहीं नेतात. पण खेड्यांत विरजण मागावयास गेल्यानेंच शेजार जडतो. ज्यास कोणाची गरज नाहीं त्यास हांक कोण मारील? तसेंच घरची माती किंवा बियाणें प्रेमानेंहि लपवून नेऊं नये. त्यांतून कीड व रोग परक्या शेतांत जातात, म्हणून अनेक देशांत त्यांस बंदी आहे. आपल्या जिव्हाळ्याची किंमत दुसऱ्याच्या पिकानें कां द्यावी?

आणि जें पेटींत मावत नाहीं त्याचें काय? वाण्याची उधारी, भावाशीं धरलेला अबोला, वृद्ध आईचीं औषधें कोण आणील, उसाच्या पाण्याची पाळी कोण धरील, ह्यांची तजवीज केल्यावांचून जो निघतो तो हलका होऊन जात नाहीं. आपलें ओझें दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून जातो.

पोलिश लोक गेल्यावर त्याच वसाहतींत फाळणीनें बेघर झालेले सिंधी बांधव आले; तेंच आजचें गांधीनगर. एकानें सोडलेली खोली दुसऱ्याचा आसरा झाली. आपणहि जें मागें ठेवूं तें मागें राहणाऱ्यांस वापरतां येईल असें ठेवावें, इतकेंच आमचें जाणाऱ्यांस सांगणें आहे.