'बिनकामाचं' कोणी ठरवायचं?

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर असतो. तो कापड विणत नाही. माग लावून देणं, बिघडला की दुरुस्त करणं हे त्याचं काम. दिवसाअखेरी मीटर मोजले तर त्याच्या नावावर एकही मीटर निघणार नाही. पण त्याने माग चुकीचा लावला, तर अख्ख्या ताग्यात दोष उतरतो.

आपल्या पेशींतही असे जॉबर आहेत. माणसाच्या डीएनएत सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात. त्यातली जेमतेम एक-दोन टक्के अक्षरं प्रथिनं कशी बनवायची ते सांगतात. मग बाकीची कशाला? १९७२ मध्ये सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने अशा डीएनएसाठी 'जंक', म्हणजे भंगार, हा शब्द वापरला आणि तो रुळला.

पुढे कळलं, की या भागातूनही आरएनएच्या प्रती निघतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. पण लांबलचक अशा काही प्रती कोणतं जनुक चालू राहील आणि कोणतं बंद, यावर ताबा ठेवतात. त्यांना 'लाँग नॉन-कोडिंग आरएनए' म्हणतात. हा ताबा बिघडला की कॅन्सरला वाट मिळू शकते. त्यातला एक 'हॉटएअर'. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याचं प्रमाण वाढलं की आजार पसरण्याचा धोका वाढतो, असं २०१० मध्ये दिसलं. 'पीसीए३' या दुसऱ्या आरएनएवर आधारलेल्या लघवीच्या तपासणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. प्रोस्टेट कॅन्सरच्या निदानात ती मदत करते.

म्हणजे भंगारात सोनं निघालं? एवढी घाई नको. यातल्या अनेक प्रती खरोखरच निव्वळ गोंगाट असू शकतात. 'मॅलॅट१' हा आरएनए २००३ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या फैलावाशी जोडला गेला. २०१८ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात तोच स्तनाच्या कॅन्सरचा फैलाव रोखताना दिसला. मग त्याला गुन्हेगार म्हणायचं की राखणदार? उत्तर पेशीगणिक बदलू शकतं.

'भंगार' हा शब्द वर्णनासारखा वाटतो, पण असतो निकाल. 'मला याचा उपयोग माहीत नाही' आणि 'याचा उपयोग नाही' या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. पहिलं वाक्य प्रश्न उघडा ठेवतं, दुसरं तो मिटवून टाकतं.

हाच शब्द आपण माणसांनाही लावतो. मागांच्या खडखडाटात कान गेलेला म्हातारा कामगार, नोकरी न लागलेला मुलगा, घरात पडून असलेली आजी: 'काही कामाचे नाहीत.' इथे मात्र डीएनएचा दाखला पुरत नाही. आरएनएला आपलं काम प्रयोगात सिद्ध करावं लागतं, आणि ते योग्यच आहे. माणसाकडे तसा पुरावा मागणं हीच मुळात चूक. आजी 'उपयोगी' आहे म्हणून तिचा मान राखायचा, तर उपयोग संपला त्या दिवशी मानही संपेल.

विज्ञान आपल्याला निकाल देण्याआधी थांबायला शिकवतं. पण काही निकाल द्यायचेच नसतात, हे आपलं आपल्याला ठरवावं लागतं.