वेचणी आटोपली की बघू, म्हणालास ना?

ये, बस. आधी ती फाइल टेबलावर ठेव.

जूनमध्ये आईला डेनोसुमॅबचं इंजेक्शन दिलं. ते दर ६ महिन्यांनी द्यायचं, म्हणजे पुढचं डिसेंबरात. आता फेब्रुवारी चालू आहे. काहून नाही दिलं? तर म्हणे वेचणी सुरू होती, मजूर मिळत नव्हते, आणि आईची पाठही दुखत नव्हती! पाठ दुखायची थांबली म्हणजे हाड भरलं, हे कोणत्या वर्गात शिकलास? माझ्या तर नाही. पऱ्हाटीवर कोणती फवारणी आधी अन् कोणती नंतर, यावर राळेगावच्या कृषी केंद्रात तासभर हुज्जत घालतोस. आईच्या औषधांच्या क्रमाबद्दल डॉक्टरला एक प्रश्न विचारवला नाही तुला.

हाडात काही पेशी जुनं हाड कुरतडतात, काही नवं घडवतात. डेनोसुमॅब कुरतडणाऱ्यांना आवरून धरतं, पण स्वतः हाडात मुरत नाही. जोर ओसरला की त्या पेशी एकदम उठतात, कमावलेलं हाड झपाट्याने जातं, आणि कधीकधी पाठीचे दोन-तीन मणके एकापाठोपाठ दबतात. म्हणून ते बंद करायचंच तर पाठोपाठ झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा अलेंड्रोनेट देतात. ही हाडात टिकतात. धोका कमी असेल तर अलेंड्रोनेटला काही वर्षांनी डॉक्टर सुट्टीही देतात. शेजारच्या काकूंची गोळी अशीच थांबली, मग आईचं इंजेक्शन थांबलं तर काय बिघडलं, हा तुझा हिशेब! औषध कोणतं, हे तरी बघायचं होतंस.

आणि वर मलाच विचारतोस, "बाई, आता ते रोजचं, हाड वाढवणारं सुरू करू का?" टेरिपॅराटाइड! आईचा मणका दबला तेव्हा डॉक्टरांनी आधी तेच सुचवलं होतं, ही बघ चिठ्ठी. रोज सुई कोण टोचणार, म्हणून नको म्हणणारा तूच. आधी हाड घडवून घ्यायचं आणि मग ते राखणारं औषध द्यायचं, हा क्रम मोडलेल्या मणक्याच्या माणसाला सहसा जास्त लाभतो. उलटं केलं तर काय होतं, तेही तपासून झालंय. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात डेनोसुमॅबवरून टेरिपॅराटाइडवर आणलेल्या बायकांच्या खुब्याचं हाड आधी घटलंच.

सगळ्यांना एकच क्रम लागू नाही, हेही ऐक. किडनी फार अधू असेल तर झोलेड्रोनिक चालत नाही. हाडांवर रेडिएशन झालेलं असेल तर टेरिपॅराटाइड टाळतात. आईची दाढ काढायची आहे, ते डॉक्टरला सांगितलंस? ड जीवनसत्त्व तपासलंस? नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा मात्र भरलेला. कॅल्शियम हवंच, पण चुकलेल्या इंजेक्शनची जागा ते घेत नाही.

उद्या जिनिंगची खेप राहू दे. सकाळच्या एसटीने आईला घेऊन यवतमाळला त्या डॉक्टरांकडे जा. आत गेल्या गेल्या सांग: शेवटचं इंजेक्शन अमुक तारखेला, पुढचं चुकलं. मग विचार, आता कोणतं, किती दिवस, आणि त्याच्यानंतर कोणतं. तिन्ही उत्तरं फाइलवर लिहून आण, मी वाचणार आहे.

आणि तोवर आईच्या डोक्यावर कापसाचं गाठोडं देऊ नकोस. हो, काल दिसली मला.