खेळाडूचा मान आणि माणसाचे वर्तन



चैत्र लागला की आपल्या जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी यात्रा सुरू होतात. सकाळी घाटात बैलगाडे पळतात, दुपार कलली की कुस्त्यांचा आखाडा भरतो. हलगी कडाडते, निकाली कुस्तीला इनाम लागते, जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधून खांद्यावर घेतात. आपली मुले हे सारे डोळे भरून पाहतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत तीच कुस्ती मैदानाच्या धुळीत पुन्हा खेळतात. पाठ्यपुस्तकातल्या थोर पुरुषापेक्षा कालचा पैलवान त्यांना जवळचा वाटतो. त्यात गैर काही नाही. परंतु म्हणूनच एका प्रश्नाचा आपण घरात बसून विचार केला पाहिजे. ज्याला आपण खांद्यावर घेतो, त्याचे वर्तन कसे आहे हे विचारायचे की नाही?

याची दोन उत्तरे चावडीवर नेहमी ऐकू येतात. एक म्हणतो, "खेळ पाहावा, खेळाडूच्या घरात डोकावू नये." दुसरा म्हणतो, "ज्याचे वर्तन वाईट, त्याचे नावही नको." दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि म्हणूनच अपुरी आहेत.

घोटाळा होतो तो 'मान' या एका शब्दामुळे. या शब्दात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. पहिली श्रेय, म्हणजे त्याने जे केले त्याची खरी नोंद. दुसरी आदर, म्हणजे सत्कार, हार, व्यासपीठावरची खुर्ची. तिसरी अनुकरण, म्हणजे "बाळ, तू याच्यासारखा हो" असे मुलाला सांगणे. श्रेय ज्याचे त्याला द्यावेच लागते, ते आपल्या मर्जीवर नाही. आदर मात्र आपण देतो, आणि जो देतो त्याला विचार करण्याचा अधिकार आहे. अनुकरणाच्या बाबतीत तर तो अधिकार नव्हे, कर्तव्यच आहे.

आपल्याच जुन्नरच्या लेण्यांत पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे दान देणाऱ्यांची नावे खडकात कोरली गेली. त्यांत धान्याचा व्यापार करणाऱ्यांची श्रेणी आहे, यवनही आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, एवढीच त्याची नोंद आहे. तो परका होता म्हणून त्याचे नाव गाळले नाही, आणि टाकी दिली म्हणून त्याला सर्वगुणसंपन्न ठरवले नाही. जे केले तेवढे लिहिले. श्रेय द्यावे ते असे.

आता वर्तनाकडे वळू. वाईट वर्तन म्हटले तरी ते सगळे एका जातीचे नसते.

ज्या दुर्वर्तनाने विजयच मिळवलेला असतो, ते श्रेयालाच खाते. बैलगाड्यांचे उदाहरण घ्या. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. पुढे महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. परंतु परवानगीबरोबर अटी आहेत. बैलाला चाबूक नको, काठी नको, विजेचा धक्का नको. एखाद्या गाडामालकाने बैलाला धक्का देऊन बारी मारली, तर ती बारी बैलाच्या वेदनेची आहे, मालकाच्या जोपासनेची नव्हे. अशा मालकाच्या डोक्यावर फेटा बांधणे म्हणजे खोट्याला साक्ष देणे होय. उत्तेजक औषध घेऊन जिंकणाऱ्या धावपटूचीही हीच गोष्ट आहे. तेथे "खेळ वेगळा, माणूस वेगळा" हे म्हणणेच लागू होत नाही.

काही वेळा श्रेय खरे असते आणि वर्तन चुकते. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत काय घडले, ते तुम्हांपैकी अनेकांनी पाहिले असेल. शिवराज राक्षे हे आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातील मल्ल. २०२३ साली त्यांनी महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली होती. अहिल्यानगरला गादीवरच्या लढतीत पंचांनी त्यांना चीतपट ठरवले. पाठ टेकलीच नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. रागाच्या भरात त्यांनी पंचाची कॉलर धरली आणि त्याला लाथ मारली. कुस्तीगीर संघाने त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर केली.

आपल्या भागात तेव्हा दोन तट पडले. "निकाल चुकीचा असेल तर मल्लाने काय करायचे?" असे एक विचारी. दुसरा म्हणे, "पंचावर पाय उचलतो तो पैलवान कसला!" मला वाटते, येथे दोन प्रश्न एकत्र बांधले गेले. निकाल बरोबर होता का, हा एक प्रश्न. निकाल पटला नाही तर लाथ मारावी का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काहीही निघो, दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही. अन्याय झाला असेल तर दाद मागण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लढून मिळवला त्या आपल्या लोकांना तो समजावून सांगायला नको. महाडचे पाणी लाथा मारून मिळवले नाही. राक्षे यांनी जिंकलेली गदा त्यांचीच आहे, ती कोणी पुसू शकत नाही. परंतु त्या दिवशीची ती कृती मुलाला दाखवून "असा हो" असे आपण म्हणणार नाही. एका माणसाबद्दल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात, आणि म्हटल्या पाहिजेत.

जे वर्तन आखाड्याबाहेरचे असते, त्याचे काय? येथे एक कसोटी वापरावी. त्याने कोणाला दुखावले? एखादा पैलवान दारू पितो आणि आपले शरीर नासवतो, तर त्याच्याबद्दल दुःख करावे आणि त्याला सावरावे. परंतु तो घरी जाऊन बायकोला मारतो, दुबळ्याची जमीन दाबतो, मुलींच्या वाटेत उभा राहतो, तर तो त्याचा खासगी मामला उरत नाही. ज्या बाईने मार खाल्ला तिला समोर खाली बसवून, मारणाऱ्याला व्यासपीठावर हार घालायचा, हा तिचा दुसऱ्यांदा अपमान आहे. आपण हार घालतो तेव्हा केवळ खेळाडूचा गौरव करत नाही. "तुझे दुःख आमच्या हिशेबात नाही," असे तिला सांगत असतो.

मात्र आरोप आणि पुरावा यांत अंतर ठेवावे. २००८ व २०१२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये पदके मिळवणारे सुशील कुमार यांना एका तरुण मल्लाच्या मृत्यूच्या प्रकरणात २०२१ साली अटक झाली. अशा वेळी न्यायालयाआधी आपण निकाल देऊ नये, आणि पदके आहेत म्हणून चौकशीच नको असेही म्हणू नये. सत्कार थांबवणे म्हणजे शिक्षा नव्हे. तो केवळ धीर आहे.

आता ज्याला वर्तन म्हणताच येत नाही त्याविषयी बोलले पाहिजे, कारण आपल्या लोकांना त्याचाच चटका अधिक बसला आहे. जात, गरिबी, बोलण्याची ढब, कपडे, बाईने कोणाशी लग्न केले, ही वर्तनाची मापे नव्हेत. तरीही प्रतिष्ठितांनी "चांगली चाल" या नावाखाली हीच मापे वापरली.

पालवणकर बाळू यांची हकीकत प्रत्येक बौद्ध घरात माहीत असावी. १८७६ साली चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा माणूस पुण्यात क्रिकेटच्या मैदानाची राखण करी. पगार महिना तीन-चार रुपये. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदू संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवायलाही पंगत वेगळी. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. पुढे १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बाळूंच्या वर्तनात कोणती खोट होती? जन्माची. म्हणजे कोणतीच नाही. माणूस नीच ठरतो तो कर्माने, जन्माने नव्हे, हे भगवान बुद्धांनी वसल सुत्तात सांगितलेच आहे.

ही हकीकत येथेच संपत नाही. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. परंतु पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९३२ साली बाळूंनी स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब निवडून आले, बाळू सुमारे दोन हजार मतांनी मागे राहिले. आता सांगा, बाळूंच्या इंग्लंडमधल्या बळींतून एक तरी बळी या कारणाने कमी करावा काय? मुळीच नाही. आणि मोठे खेळाडू म्हणून त्यांना मत द्यावे, असे तरी होते काय? तेही नाही. त्या मतदारांनी खेळाचे श्रेय खेळात ठेवले आणि मत विचाराला दिले. ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते, अशा कित्येक कामगारांना हा विवेक होता. तो आपण पदव्या घेऊन गमावू नये.

बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांवर व्याख्यान दिले, तेव्हा मोठा माणूस कोणाला म्हणावे याची चर्चा केली होती. नुसती कर्तबगारी त्यांना पुरेशी वाटली नाही. प्रामाणिकपणा, बुद्धी आणि त्यापलीकडे समाजाच्या भल्याची तळमळ त्यांनी मागितली. या मापाने पाहिले तर प्रत्येक विजेता मोठा माणूस नसतो. तसे असण्याची गरजही नाही. त्याला चांगला खेळाडू म्हणावे आणि थांबावे. आपण घरातला देव्हारा काढला तो रिकाम्या कोनाड्यात दुसरी मूर्ती बसवण्यासाठी नव्हे.

सगळ्यांत अवघड गोष्ट शेवटी सांगतो. उद्या आपल्याच वस्तीतला एखादा पोरगा गदा घेऊन येईल. यावा, अशी माझी फार इच्छा आहे. पिढ्यान्‌पिढ्या उपाशी राहिलेल्या समाजाला आपल्या माणसाचे कौतुक करण्याची भूक असते. तिच्यापोटीच आपण त्याचे दोष झाकू लागतो. "आधीच लोक टपलेले आहेत, आपणच कशाला बोला?" असे म्हणतो. बंधूंनो, ज्या मापाने आपण पाटलाच्या मुलाला मोजतो, त्याच मापाने आपला मुलगा मोजला गेला पाहिजे. आपल्यासाठी माप सैल केले, तर बाळूंच्या वेगळ्या भांड्याविरुद्ध बोलण्याचा आपला अधिकार संपला. तेथेही माप माणूस पाहून बदलत होते.

आणि जो सुधारतो त्याला परत येऊ द्यावे. अंगुलिमालाला भगवंतांनी संघात घेतले. पण भिक्षू झाल्यावरही भिक्षेला निघाला असता त्याला लोकांचे दगड सोसावे लागले, आणि भगवंतांनी त्याला ते सोसायला सांगितले. सुधारलेल्या माणसाला वाट मोकळी असावी, पण आदर त्याने लगेच वसूल करू नये, असा त्याचा अर्थ मी घेतो.

येत्या यात्रेला मुलांना घेऊन जरूर जा. चांगला डाव पडला की टाळी वाजवा, तो कोणाच्याही पोराचा असो. घरी परतताना मुलाला विचारा, "तुला त्याचे काय आवडले?" तो डावाबद्दल बोलेल. मग दुसरा प्रश्न विचारा, "हरल्यावर तो कसा वागला?" या दुसऱ्या प्रश्नाची सवय ज्या मुलाला लागेल, त्याला कोणाला खांद्यावर घ्यायचे आणि कोणाला नाही, हे पुढे कोणी शिकवावे लागणार नाही.