उरलेलं पाणी

जालन्यात गच्चीवर स्ट्रॉबेरी लावणं योग्य आहे का? प्रश्न हसण्यावारी नेता येतो. बारा कुंड्यांनी असा कोणता दुष्काळ पडणार! पण नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि तेही जायकवाडीहून आणावं लागतं, अशा गावात तो विचारायला हवा.

फळ परकं आहे, हा आक्षेप मी मनावर घेत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दोन अमेरिकी जातींच्या संकरातून झाली. ती सगळीकडेच पाहुणी. आणि जालन्याची ओळख झालेली मोसंबी तरी कुठे मुळची इथली?

खरा आक्षेप पाण्याचा. ऑक्टोबरअखेर लावलेल्या रोपांना मार्चपर्यंत रोज चार लिटर धरले, तर दीडशे दिवसांचे ६०० लिटर होतात. म्हणजे तीन पिंपं. फळं दोन-अडीच किलो. किलोभर साखरेमागे याहून कितीतरी जास्त पाणी जातं आणि चहात साखर घालताना कुणाचा हात थांबत नाही, हे खरं; पण मोठा चोर दाखवून लहान चोर साव ठरत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात इथल्या शेतकऱ्यांनी टँकरचं पाणी विकत घेऊन मोसंबीच्या बागा जगवायचा प्रयत्न केला, तरी कित्येक जळाल्या. त्या पाण्यामागे पोट होतं. माझ्या कुंड्यांमागे जीभ आहे, आणि सकाळी पानं उचलून लाल काही दिसतंय का ते बघण्याचं सुख. ते सुख मला क्षुल्लक वाटत नाही.

यावर गच्चीवर बाग करणाऱ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: आम्ही उरलेलं पाणी वापरतो. मीही तांदूळ आणि भाज्या धुतलेलंच घालते. (फिल्टरमधून बाहेर पडणारं नाही, क्षार स्ट्रॉबेरीला सोसत नाहीत.) पण आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या घरी हेच पाणी आधी फरशीला आणि मग संडासाला जातं. तिथे काही उरत नाही. पाणी उरतं ते माझ्या टाकीच्या आकारामुळे. त्यात माझी काटकसर थोडीच.

म्हणून कुंड्या फोडाव्यात का? मला तसं वाटत नाही. मावशींच्या घरी त्यातला थेंबही पोचणार नाही. फक्त ‘उरलेलं’ हा शब्द मी आता सफाईने वापरत नाही.

फेब्रुवारीत रोपांना धुमारे फुटले, तेव्हा मावशी म्हणाल्या, “ताई, मला बी एक रोप द्या की.” याला पाणी कुठून घालणार, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. मी दोन रोपं दिली, आणि दुपारी सावलीत ठेवा म्हणून सांगितलं.